पक्ष बोलतो काय, करतो काय: पहिल्यांदाच तपासायला बसणाऱ्यांसाठी

माझी आत्या पंचायत समितीवर दोनदा निवडून आली. पहिल्यांदा महिला राखीव जागेवर, दुसऱ्यांदा खुल्या जागेवर. तिसऱ्या खेपेला तिनं विधानसभेचं तिकीट मागितलं. ज्या पक्षासाठी तिनं वीस वर्षं बूथ सांभाळले, त्याच्या जिल्हा कार्यालयात तिला चहा दिला आणि सांगितलं, "ताई, तुम्ही प्रचारात पाहिजे. महिलांच्या सभा तुमच्याशिवाय होत नाहीत." त्याच खोलीच्या भिंतीवर महिला आरक्षणाला पाठिंबा देणारा भलामोठा फलक लावलेला होता.

मी तेव्हा पंचविशीत होते. रात्री तावातावानं लांबलचक पोस्ट लिहिली. सुरुवातच 'सगळे ढोंगी आहेत' अशी. आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अगं, पण त्यांनी एकूण किती बायकांना तिकिटं दिली? बाकीच्या पक्षांनी किती दिली? हे ठाऊक आहे का तुला? का नुसतीच चिडलीयेस?" मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती पोस्ट मी टाकली नाही. तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मात्र हळूहळू एक पद्धत हाताशी आली. ज्यांनी आजवर पक्षांबद्दल फक्त ऐकलं आणि पुढे ढकललं, पण आता स्वतः तपासून पाहावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी ती लिहून काढते आहे. सामान फार लागत नाही. एक वही, इंटरनेट असलेला फोन, आणि आठवड्यातले दोन-तीन तास.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

पक्षाचं बोलणं आणि वागणं जुळत नाही, याला आपण सरसकट ढोंग म्हणतो. पण त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असतात. प्रयत्न केला पण जमलं नाही, हे अपयश. आधी एक मत होतं, परिस्थिती पाहून ते जाहीरपणे बदललं, हा भूमिकेतला बदल. सत्तेच्या गणितासाठी कालच्या विरोधकाशी हात मिळवला, ही तडजोड. तिला संधिसाधूपणा म्हणा हवं तर. ढोंग यापेक्षा वेगळं. लोकांना एक नियम सांगायचा आणि तो पाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतानाही स्वतःला लावायचा नाही, ते ढोंग.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं घ्या. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. ते सरकार काही दिवसांतच गेलं आणि २८ नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचं सरकार आलं. यातल्या प्रत्येक जोडीत महिनाभर आधी एकमेकांविरुद्ध मतं मागितलेले पक्ष होते. मतदार चिडले ते योग्यच होतं. पण एवढ्यावरून वहीत 'ढोंग' असं लिहू नका, 'तडजोड' असं लिहा.

दुसरं उदाहरण २०२३ चं. २७ जूनला भोपाळमध्ये भाजपच्या बूथ कार्यकर्त्यांसमोर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचे आरोप असल्याचा उल्लेख केला. २ जुलैला अजित पवार महाराष्ट्रात भाजपच्या साथीनं उपमुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या सोबतच्या आमदारांनीही मंत्रिपदाची शपथ घेतली. मध्ये पाच दिवस गेले. इथं बोललेल्याची तारीख आहे, केल्याचीही आहे, आणि सोबत घ्यायचं की नाही हे पूर्णपणे पक्षाच्या हातात होतं. आरोप खरे की खोटे हे ठरवण्याच्या भानगडीत तुम्ही पडू नका, ते न्यायालयाचं काम. आपला प्रश्न एवढाच: आरोपात तथ्य वाटत असेल तर सोबत का घेतलं, आणि वाटत नसेल तर भर सभेत ते काढले कशाला?

पायरी पहिली: वाक्य मिळवा, भावार्थ नको

'ते तर नेहमी म्हणतात की...' अशी सुरुवात असलेली कोणतीही तक्रार वहीत घेऊ नका. कोण म्हणालं, कधी, कुठे, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत, या चार रकान्यांशिवाय नोंद करायची नाही. सगळ्यांत भक्कम कागद म्हणजे जाहीरनामा. कुणी त्याला वचननामा म्हणतं, कुणी संकल्पपत्र. तो प्रसिद्ध झाला त्याच दिवशी पीडीएफ उतरवून ठेवा, कारण निवडणूक झाली की पक्षाच्या संकेतस्थळावर तो शोधणं अवघड होतं. हरवलाच तर जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर पाहा, बऱ्याचदा सापडतो.

जाहीरनाम्याबद्दल नव्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात ५ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत भर पडली, की आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठी पैसा साधारण कुठून आणणार, हे पक्षानं जाहीरनाम्यात सांगावं. म्हणून जाहीरनामा वाचताना आश्वासनाखाली रेघ मारा आणि मग पैशाचं वाक्य शोधा. बहुतेक वेळा ते सापडणार नाही. तेही टिपून ठेवा.

भाषणाच्या बाबतीत पूर्ण भाषण ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही. वीस-पंचवीस सेकंदांच्या तुकड्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एकदा एका नेत्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं. त्यांनी विरोधकाचं वाक्य म्हणून दाखवलं होतं, आणि क्लिप कापणाऱ्यानं 'ते म्हणतात' हे शब्दच उडवले होते. त्या चुकीचं मला आजही वाईट वाटतं, कारण माझं वाचून चार माणसांनी ते पुढे पाठवलं आणि माझी दुरुस्ती एकानंही पाठवली नाही.

पायरी दुसरी: हे कुणाच्या हातात होतं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि लोक बहुधा हीच गाळतात.

पक्ष सत्तेत नसेल तर कायदा करू शकत नाही. राज्यात असेल तर केंद्राचं काम करू शकत नाही. आघाडीत असेल तर एकट्यानं निर्णय घेऊ शकत नाही. तिजोरीत पैसे नसतील तर योजना अडते. या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत, आणि प्रत्येक पक्ष त्यांच्या आडोशाला उभा राहू शकतो. पण काही गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही, बहुमत लागत नाही, रुपयाही लागत नाही. उमेदवारी कुणाला द्यायची, पक्षात पदं कुणाला द्यायची, देणगी कुणाकडून घ्यायची, सभागृहात मत कुठे टाकायचं, आपला हिशेब लोकांना दाखवायचा की नाही. तपासणीची सुरुवात इथूनच करा.

लाडकी बहीण योजना नव्यांना फार भुरळ घालते, पण पहिल्या सरावासाठी ती अवघड आहे. का, ते पाहा. १६ जुलै २०२२ ला बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी 'रेवडी' वाटून मतं मिळवण्याच्या सवयीवर टीका केली. दोन वर्षांनी, जुलै २०२४ पासून, त्यांचाच पक्ष ज्यात आहे त्या महायुती सरकारनं महाराष्ट्रात महिना १,५०० रुपयांची योजना सुरू केली, निवडणुकीच्या तोंडावर. दुसऱ्या बाजूला महाविकास आघाडीच्या नेत्यांनी त्या योजनेवर मतांसाठीची खटपट म्हणून टीका केली आणि स्वतःच्या जाहीरनाम्यात महिना ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं. विसंगती दोन्हीकडे दिसते. पण आघाडी सत्तेत आलीच नाही, म्हणजे तिची करणी तपासायला मिळत नाही, तिथं शब्दाला शब्दच भिडवता येतो. महायुतीनं रक्कम २,१०० करू असं सांगितलं होतं. निवडून आल्यावर १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६,००० कोटी रुपये ठेवले, रक्कम मात्र १,५०० च राहिली. जाहीरनामा पाच वर्षांसाठी असतो, असं उत्तर सत्ताधाऱ्यांकडून आलं. कर्जमाफीचंही तेच. ती जाहीरनाम्यात होती, आणि मार्च २०२५ अखेरीस तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपर्यंत पीककर्ज भरून टाकायला सांगितलं.

ज्या शेतकऱ्यानं कर्जमाफीच्या भरवशावर हप्ता थांबवला होता, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते मला कळतं. आमच्या शेजारच्या घरात मी ते पाहिलं आहे. तरीही वहीत याची नोंद 'मुदत न सांगितलेलं आश्वासन' अशीच करायची. यातून पुढच्या वेळी विचारायचा प्रश्न मिळतो: "कधीपासून?" सभेत, गल्लीत, दारात आलेल्या कार्यकर्त्याला हा एकच शब्द विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

पायरी तिसरी: करणीचा कागद

शब्दाला जसा कागद हवा तसा कृतीलाही. तो कुठे सापडतो?

संसदेतलं मतदान संसदेच्या संकेतस्थळावर असतं, पण फसू नका. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात आणि तेव्हा कुणी काय मत दिलं याची नावनिशीवार नोंद राहत नाही. मतविभाजन, म्हणजे बाजूची आणि विरोधातली मतं मोजणं, झालं तरच नोंद होते. घटनादुरुस्तीला मात्र मतं मोजावीच लागतात, म्हणून तिथं आकडा हमखास मिळतो. विधानसभेत कोण काय बोललं ते विधानमंडळाच्या कार्यवृत्तात. सरकारी निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर जीआरच्या स्वरूपात, प्रत्येकाला स्वतःचा संकेतांक. मंत्र्यानं घोषणा केली आणि जीआर निघालाच नाही, असं किती वेळा होतं ते एकदा एखाद्या खात्यापुरतं मोजून बघा.

अर्थसंकल्पात एकाच योजनेचे तीन आकडे असतात: यंदाचा अंदाज, गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज, आणि त्याआधीच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च. बातमी पहिल्या आकड्याची होते. तुम्ही तिसरा बघा. तो दोन वर्षं उशिरा येतो, म्हणून कुणी बघत नाही.

उमेदवारांची माहिती मिळते ती शपथपत्रांमुळे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स म्हणजे एडीआरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये निकाल दिला, आणि त्यानंतर प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करणं भाग पडलं. फेब्रुवारी २०२० च्या निकालानं पुढचं पाऊल टाकलं: गुन्हे दाखल असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर ते का दिलं, आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षानं जाहीर करायचं, आणि 'निवडून येईल' एवढंच कारण चालणार नाही. हा कागद सी-७ या नमुन्यात असतो. गुन्हेगारीमुक्त राजकारणाच्या घोषणा देणाऱ्या पक्षाचे चार सी-७ शेजारी शेजारी ठेवून वाचा. लोकप्रियता, समाजकार्य, राजकीय आकसाचे गुन्हे, असं तेच ते पुन्हा पुन्हा दिसेल.

एक उदाहरण शेवटपर्यंत: महिलांची तिकिटं

आता आत्याच्या प्रश्नाकडे. सगळी पद्धत एकाच विषयावर लावून पाहू.

शब्द. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी १०६ वी घटनादुरुस्ती आली. २० सप्टेंबरला लोकसभेत बाजूनं ४५४ मतं, विरोधात २. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. त्या दोन दिवसांत जवळपास प्रत्येक पक्षाच्या वक्त्यानं ३३ टक्के हा महिलांचा हक्क आहे असं सभागृहात सांगितलं. इतका पक्का आणि इतक्या पक्षांनी मिळून दिलेला शब्द भारतीय राजकारणात क्वचित सापडेल.

ती दोन विरोधी मतं कुणाची? एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी आत वेगळा वाटा नाही, म्हणून विरोध, असं ते बोलले आणि तसंच मतही दिलं. त्यांची भूमिका पटो न पटो, आपल्या तपासणीत तिथं बोलणं आणि मत जुळतं. पटणारं बोलणं आणि प्रामाणिक बोलणं या दोन गोष्टींची गल्लत करू नका. नवख्या माणसाची सर्वाधिक चूक इथंच होते.

हातात होतं का? त्या कायद्यातच अट होती की आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, आणि त्यानंतर आरक्षण. म्हणजे २०२४ ला ते कायद्यानं लागू होणार नव्हतं. पण तिकीट द्यायला कायदा कशाला लागतो? ३३ टक्के उमेदवारी कोणताही पक्ष दुसऱ्या दिवसापासून देऊ शकत होता. ओडिशात बिजू जनता दलानं कायद्याची वाट न पाहता २०१९ च्या लोकसभेला २१ पैकी ७ महिला दिल्या होत्या. पश्चिम बंगालमध्ये तृणमूलनं त्याच वर्षी ४२ पैकी १७.

करणी. कायद्यानंतर सात-आठ महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली. भाजपच्या उमेदवारांत महिला सुमारे १६ टक्के, काँग्रेसच्या सुमारे १३ टक्के. सगळे पक्ष आणि अपक्ष धरले तर दहा टक्क्यांच्या आसपास. तृणमूल ४२ पैकी १२ वर आली. निवडून आल्या ७४, म्हणजे २०१९ पेक्षा चार कमी. महाराष्ट्रातून ४८ पैकी ७. मग नोव्हेंबर २०२४ ची आपली विधानसभा: २८८ आमदारांत २१ महिला. २०१९ ला २४ होत्या. ज्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्या राज्याच्या विधानसभेत हा आकडा.

हे मोजायचं कसं? निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात उमेदवाराचं नाव, पक्ष, स्त्री की पुरुष, आणि मतं असतात. पक्षानं लढवलेल्या जागा आणि त्यातल्या महिला, एवढंच मोजा आणि टक्केवारी काढा. नुसता आकडा देऊ नका. आघाडीत कुणी १५० जागा लढतो, कुणी ५०. मग एक पाऊल पुढे जा. महिलेला जी जागा दिली, ती मागच्या निवडणुकीत पक्षानं किती मतांनी जिंकली किंवा हरली होती? हमखास पडणाऱ्या जागा महिलांना देऊन टक्केवारी फुगवता येते, आणि ते या एका रकान्यात लगेच दिसतं.

मंत्रिमंडळही बघा, कारण तेही पूर्ण हातातलं. ९ ऑगस्ट २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तेव्हा १८ जणांनी शपथ घेतली, त्यात एकही महिला नव्हती. महिला व बालविकास खातं मंगलप्रभात लोढा यांच्याकडे गेलं. जुलै २०२३ मध्ये आदिती तटकरे येईपर्यंत तसंच चाललं. त्याआधीच्या उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात ४३ मध्ये ३ महिला होत्या, डिसेंबर २०२४ च्या फडणवीस मंत्रिमंडळात ४२ मध्ये ४. तेव्हा कुणीच दुसऱ्याकडे बोट दाखवावं अशी परिस्थिती नाही.

पायरी चौथी: पक्षाचं उत्तर मनापासून ऐका

नोंद झाली की स्वतः त्या पक्षाचे वकील व्हा. महिलांच्या तिकिटांवर तीन उत्तरं येतात.

पहिलं, निवडून येण्याची क्षमता. हे तपासता येतं. बिजू जनता दलाच्या त्या ७ महिलांपैकी ५ जिंकल्या. पूर्ण पक्षाच्या २१ पैकी १२. म्हणजे महिलांचं यश जास्त होतं. पण विरुद्ध बाजूचाही पुरावा आहे आणि तो लपवू नका: २०२२ ला उत्तर प्रदेशात काँग्रेसनं ४० टक्के उमेदवारी महिलांना दिली आणि पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या. तिथं पक्षच दुबळा होता, म्हणून त्यावरून महिलांबद्दल काही सिद्ध होत नाही, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

उत्तर प्रदेशचं उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. त्याच सुमारास पंजाब, उत्तराखंड आणि गोव्यातही मतदान होतं, पण ४० टक्क्यांचा नियम काँग्रेसनं तिथं लावला नाही. बिजू जनता दलानंही २०१९ ला लोकसभेसोबतच झालेल्या ओडिशा विधानसभेला आपला ३३ टक्क्यांचा नियम लावला नव्हता. जिथं गमावण्यासारखं जास्त असतं तिथं तत्त्व पातळ होतं का, हे बघायची सवय लावा. मी आजवर तपासलेल्या गोष्टींत यापेक्षा बोलकी खूण मला सापडली नाही.

दुसरं उत्तर, महिला पुढे येत नाहीत. आत्या पुढे आली होती. राज्यभरात तिच्यासारख्या सरपंच, सभापती, जिल्हा परिषद अध्यक्ष, नगरसेविका झालेल्या हजारो जणी आहेत. हे उत्तर ऐकल्यावर माझ्या घशाशी येतं, पण वहीत मी फक्त '२०११ पासून ५० टक्के' एवढंच लिहिते.

तिसरं, मित्रपक्षांना जागा सोडाव्या लागल्या. टक्केवारी काढली की ते आपोआप गळतं.

घराणेशाहीचा मुद्दा इथं मध्ये येईल. महाराष्ट्राच्या त्या सात खासदारांपैकी निम्म्याहून जास्त जणी राजकीय घरातल्या आहेत, मग हे महिलांचं प्रतिनिधित्व कसं, असं कुणीतरी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळ्या पानावर घ्या, आणि त्या पानावर पुरुष खासदारांची घराणीही मोजा. एका आरोपात दुसरा मिसळला की दोन्ही ढिले पडतात.

पायरी पाचवी: आपल्या पक्षावर आधी

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे राजकारणाइतकं दुसरीकडे कुठे चालत नाही. म्हणून माझा नियम आहे: मी ज्या पक्षाला शेवटचं मत दिलं, त्याचा रकाना पहिला भरायचा. मन आढेवेढे घेतं. भरायचा म्हणजे भरायचा.

सगळे पक्ष एकाच बाकावर बसलेले पाहायचे असतील तर माहिती अधिकाराचं प्रकरण बघा. केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ ला आदेश दिला की काँग्रेस, भाजप, माकप, भाकप, राष्ट्रवादी आणि बसप हे सहा राष्ट्रीय पक्ष सार्वजनिक प्राधिकरण आहेत, त्यांनी माहिती अधिकाराखाली अर्ज घ्यावेत. सरकारकडे रोज पारदर्शकता मागणाऱ्या या पक्षांपैकी एकानंही तो पाळला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पक्षांना कायद्यातून वगळणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. मार्च २०१५ मध्ये आयोगानं मान्य केलं की आदेश अंतिम आहे पण तो अमलात आणायला आपल्याकडे साधन नाही. ज्या महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २००२ लाच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथल्या माणसाला हे जास्त लागायला हवं.

आता त्याच्या शेजारी निवडणूक रोखे ठेवा, म्हणजे देणगीदाराचं नाव लोकांना न कळता पक्षाला बँकेमार्फत देणगी देण्याची सोय. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेली ही योजना सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये आयोगानं आकडे प्रसिद्ध केले: एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भाजपला सहा हजार कोटींच्या वर, तृणमूलला सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसला सुमारे १,४०० कोटी. योजनेला अपारदर्शक म्हणणाऱ्यांनीही रोखे वटवले. इतरांनी घेतले असताना आम्हीच हात बांधून निवडणूक कशी लढवायची, हे त्यांचं उत्तर, आणि त्यात थोडं तथ्य आहे. माकपनं मात्र रोखे घेतले नाहीत आणि न्यायालयातही तो याचिकाकर्ता होता. पैशाच्या या प्रश्नावर त्याचा शब्द आणि कृती जुळली. माहिती अधिकारावर जुळली नाही. पक्षाला एकदाच प्रामाणिक किंवा ढोंगी असा शिक्का मारून वही मिटता येत नाही. प्रत्येक विषयाला वेगळं पान लागतं.

लिहिताना

जे सापडलं ते लोकांसमोर मांडताना आधी वाक्य, मग तारीख, मग कृती, मग पक्षाचं उत्तर, आणि सर्वांत शेवटी तुमचं मत, ओळखू येईल असं वेगळं. पक्षाबद्दल लिहा, मतदाराबद्दल नको. ज्यांनी त्या पक्षाला मत दिलं ते तुमचे काका आहेत, सोसायटीतले शेजारी आहेत. त्यांना भक्त, गुलाम, चमचे म्हटलंत की तुमचं पान तिथंच मिटलं जाईल. चूक निघाली तर मूळ मजकुरात, वरच्या बाजूला, दुरुस्ती लिहा. नवी पोस्ट टाकून जुनी तशीच ठेवू नका.

सरकारी माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. 'योजना का राबवली नाही' असं विचारू नका, त्यावर उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. 'अमुक योजनेवर अमुक वर्षात झालेल्या खर्चाच्या नोंदीची प्रत द्यावी' असं कागद मागणारं वाक्य लिहा.

पहिला सराव

संपूर्ण राज्य घेऊ नका. स्वतःचा विधानसभा मतदारसंघ घ्या. तिथं गेल्या पाच निवडणुकांत प्रमुख पक्षांनी किती वेळा महिलेला उमेदवारी दिली, ती जागा मागच्या वेळी त्या पक्षाकडे होती का, आणि त्या काळात त्याच तालुक्यातून किती महिला जिल्हा परिषदेवर किंवा नगरपालिकेवर निवडून आल्या, एवढंच शोधा. दोन रविवार पुरतात. आत्याच्या मतदारसंघाचं हे पान मी पहिल्यांदा भरलं तेव्हा पाचही ओळींत एकाही मोठ्या पक्षाची महिला उमेदवार नव्हती, आणि शेजारच्या रकान्यात अकरा निवडून आलेल्या सदस्या होत्या. तिनं ते पान मागून घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या बैठकीला सोबत नेलं.

उमेदवारांची यादी घ्याल तेव्हा अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यानंतरचीच घ्या. त्याआधीच्या यादीत डमी अर्जही असतात, आणि ते बऱ्याचदा उमेदवाराच्या बायकोच्या नावानं भरलेले असतात.